निरोगी माणसाचं रक्त

ताई,

तुझी बोटं सुजायला लागली तेव्हा मी लॅबमधली अक्कल पाजळली होती. शरीराचे शिपाई घरच्यांनाच मारत सुटले तर त्यांना आवरणाऱ्या पेशी असतात. त्या कमी पडल्या की हे दुखणं येतं. म्हटलं, मोजूनच बघू.

आमच्याकडे तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. नेहमीप्रमाणे मीच दंड पुढे केला. तुझा आकडा माझ्याइतकाच आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला काही झालेलं नाही. कामाचा कंटाळा आहे, दुसरं काय!" भावोजींनी तेवढंच धरून ठेवलं. तीन वर्षं तू त्याच हातांनी कपडे पिळलेस.

गेल्या महिन्यात लॅबमधल्या नव्या मुलीने हौसेने स्वतःचं रक्त दिलं. तिच्या पेशी माझ्या दुप्पट निघाल्या. मशीन बिघडवलंस म्हणून मी तिच्यावरच खेकसले. मग आणखी चौघांचं घेतलं. चौघांचेही आकडे तिच्याइतकेच आले. मशीन ठणठणीत होतं.

आता माझीही बोटं सुजतात. औषध लगेच मिळालं, आळशी कुणी म्हटलं नाही. परवा नवऱ्याने विचारलं, "ताईंनाही हेच होतं ना गं?"

मी म्हणाले, "छे, तिचं मी स्वतः तपासलं होतं."

तुझी,
हुशार धाकटी