पासवर्ड बरोबर आहे

६ नोव्हेंबर, बुधवार

पोहोचलो. भुकूमहून सकाळच्या एसटीने निघालो, पौडला चहा आणि क्रीमरोल घेतला आणि साडेदहाला ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या या फाट्यावर उतरलो. खाली धरणाचं पाणी, वर डोंगर. हवा इतकी छान की अर्धा तास रस्त्याकडेलाच बसून राहिलो.

ही वही वैष्णवीने भाऊबीजेला दिली. ओवाळणी घालायची मी, पण वस्तू तिनेच आणली. म्हणाली, रोज लिहीत जा दादा, एकटा असलास की नुसता विचार करत बसतोस. तिच्याशिवाय मला कोणी नाही आणि माझ्याशिवाय तिला. ती कोथरूडला हॉस्टेलवर राहून नर्सिंग करते. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला, पण ऱ्हस्व-दीर्घ मी चुकत नाही, यावर ती अजून हसते.

काम असं. इथे बंगल्यांची एक स्कीम अर्ध्यात बंद पडली आहे. तिच्या विक्री कार्यालयात सहा कॉम्प्युटर दोन वर्षं पडून आहेत. सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स. ते एका शाळेला जायचे आहेत, पण चालतील तेवढेच उचलायचे, म्हणून आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक शैलेशदादा यांनी मला इथेच पाठवलं. मुदत दहा दिवस. राहायला भिवाजीकाकांची खोली. जमीन त्यांनीच स्कीमला विकली होती, आता ते कार्यालयाची चावी सांभाळतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "येवढुसा इंजिनेर? ह्यो मशिन उचलनार का मशिन ह्येला?" मी हसलो. रंभामावशींनी नाचणीची भाकरी आणि वाटाण्याची उसळ वाढली. पोटभर जेवलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

चार मशीन एका दिवसात चालू. दोन मशीनची डिस्क भरलेली होती, एकाची मेमरी धूळ पुसून परत बसवली, एकाला नुसती वायर सैल. वहीत प्रत्येकाचा क्रमांक, दोष, उपाय आणि वेळ लिहिली.

आमच्या दुकानाची पद्धत अशी की प्रत्येक मशीनवर आपल्या नावाचं खातं उघडायचं, त्यातून सगळं तपासायचं आणि काम संपलं की ते पुसायचं. पाच मशीनवर जुनी खाती नव्हतीच. सहाव्यावर, खिडकीजवळच्या, लॉगिनच्या पडद्यावर दोन नावं आहेत: राजू आणि रेश्मा. त्यांच्याखाली मी माझं उघडलं. कैलास.

रंभामावशी पायरीवर बसून बघत होत्या. त्यांच्याशेजारी तांब्या आणि पेला असतो, रोज भरलेला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

पाचवंही झालं. सहावं त्रास देत आहे. नाव निवडतो, पासवर्ड टाकतो, चुकला असं मशीन म्हणत नाही. पडदा दोन सेकंद काळा होतो आणि पुन्हा तीच नावांची यादी. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, दार उघडतं आणि मला परत उंबऱ्यावर आणून सोडतं. हा दोष माहीत असलेला आहे. प्रत्येक खात्याचं मशीनमध्ये एक घर असतं, त्यात त्याच्या फायली. घराची मालकी चुकून दुसऱ्याच्या नावावर गेली, तर खातेदाराला स्वतःच्याच घरात शिरता येत नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन दाबलं की चित्रं जाऊन नुसता अक्षरांचा काळा पडदा येतो. तिथून तपासलं. बरोबर तेच. माझ्या घराचा मालक: राजू.

भिवाजीकाकांना सांगितलं तर ते खो-खो हसले. म्हणाले, "म्हंजी सातबारा दुसऱ्याच्या नावावर. ह्ये तर आमच्या गावात रोजचं हाय." मी मालकी माझ्या नावावर केली आणि आत गेलो. नंतर नियमाप्रमाणे दुसरं नवं खातं उघडून पाहायचं असतं. तेही चाललं, तर मशीन निर्दोष. नाव काहीही चालतं, आम्ही 'तपासणी' असंच देतो. मी वैष्णवी दिलं. कारण काही नाही. सकाळी मशीन लावलं की ते नाव दिसेल, एवढंच.

संध्याकाळी फोनवर तिला सांगितलं. पासवर्ड विचारला तिने. आपल्या गाईचं नाव, कपिला, म्हणून सांगितलं. हसून म्हणाली, एखाद्या रविवारी येते आणि स्वतःच्या हाताने टाकते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस तेच. सकाळी माझं घर राजूच्या नावावर. मी बदलतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा. रात्री मशीनची वायर मी स्वतः भिंतीतून काढतो. चावी माझ्याकडे. काळा पडदा किती वेळ राहतो ते मोजत आहे. शनिवारी दोन सेकंद, काल चार, आज सात.

आणखी एक. मशीन कोण कधी आत आलं याची नोंद ठेवतं. मी जितक्या वेळा बाहेर फेकला गेलो, तितक्या वेळा नोंद अशी आहे: कैलास, आत आला. बाहेर गेल्याची नोंद एकदाही नाही.

दुपारी रंभामावशींना धीर करून विचारलं, राजू कोण. त्यांनी सांगितलं. राजू आणि त्याची बहीण रेश्मा इथले ऑपरेटर. माझ्याच खोलीत राहायचे. स्कीम बंद झाली त्या दिवशी सामान घेऊन फाट्यावर एसटीला उभे राहिले. काहीतरी विसरलं म्हणून दोघं तिथूनच पळत कार्यालयात परत आली. निघाल्यावर माघारी फिरलेल्या माणसाने जरा बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग नव्याने निघावं, ही आमच्याकडेही रीत आहे. मावशींनी हाक मारली होती. ती दोघं थांबली नाहीत. पिशव्या फाट्यावर राहिल्या, माणसं पुन्हा दिसली नाहीत. पोलीस येऊन गेले, पाण्यात शोधलं.

"म्या उठून आडवं व्हायला पायजे व्हतं," मावशी म्हणाल्या. "नुस्ती हाक मारली." तेव्हापासून पायरीवर तांब्या.

मग त्यांनी माझ्या मशीनकडे बोट दाखवलं. "ह्ये बी आत जाऊन लगीच माघारी येतंय. पानी पाज त्येला." मी हसलो नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शैलेशदादांना फोन केला. त्यांनी सांगितलं की पाच पुरेत, सहावं राहू दे, उद्या निघून ये. इतका आनंद झाला की वैष्णवीला लगेच कळवलं. रविवारी तिला सारसबागेत नेणार.

आज मशीन लावलं नाही. खिडकीकडे पाठ करून सामान आवरलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमाने लिहितो.

एसटी बारा चाळीसची. साडेबाराला फाट्यावर पोहोचलो, बाकड्यावर बॅग ठेवली आणि लक्षात आलं की वही कार्यालयात राहिली. वैष्णवीची वही. फोन बॅगेवर ठेवला, कारण पळताना खिशातून पडतो. पळत आलो. रंभामावशी पायरीवरून म्हणाल्या, "बस बाळा. पानी पी, मग जा." मी म्हटलं, एसटी चुकेल. त्या उठल्या, आडव्या आल्या, हात धरला. मी हात सोडवून घेतला. मी. ज्याने सगळं ऐकलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं.

काकांनी अजून कुलूप लावलं नव्हतं. वही टेबलावर होती. मशीन चालू होतं. मी लावलं नव्हतं. यादीत चार नावं. वही उचलून निघायचं होतं. पण काम अर्धवट ठेवून जायचं माझ्या जिवावर येतं. एकदाच, शेवटचं, म्हणून नाव निवडलं आणि पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला. मी मोजत राहिलो. एकोणतीस, तीस, एकतीस. मग यादी आली. राजू नव्हता. तीन नावं.

बाहेर एसटीचा हॉर्न. धावलो. ती वळणावर होती. मागच्या खिडकीत माझ्या अंगात आहे तसाच निळा शर्ट, छातीशी माझी बॅग. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पायरीवर मावशी तोंडाला पदर लावून रडत होत्या. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "आलास व्हय रे राजू. दोन वर्सं झाली रं." आणि मग माझ्यामागे पाहत, "रेश्मा कुटं हाय?"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मी कैलास आहे असं शंभरदा सांगितलं. काका चिडत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाले, कैलासला त्यांनी स्वतः एसटीत बसलेलं पाहिलं, हात हलवला त्याने. खिडकीच्या काचेत मला माझाच चेहरा दिसतो. तो फक्त मलाच दिसतो.

आता पाणी प्यायलो. पायरीवर बसून, पूर्ण तांब्या. उठून फाट्यापर्यंत गेलो, वळणाच्या पुढे गेलो, चालतच राहिलो. समोर कार्यालयाची पायरी. पुन्हा गेलो. पायरी. सकाळपासून नऊ वेळा.

काकांच्या फोनवरून शैलेशदादांना लावला. त्यांनी सांगितलं की कैलास कालच आला, इथे बसून काम करतो आहे, तुम्ही कोण.

संध्याकाळी वैष्णवीला लावला. म्हटलं, मी दादा. तिने कोणाला तरी फोन दिला. पलीकडून माझा आवाज आला. शांतपणे म्हणाला, राजू, औषध घेत जा. आणि तिला सांगताना ऐकू आलं: तिथला जुना ऑपरेटर आहे, डोकं थोडं फिरलं आहे, बिचारा.

ती म्हणाली, अरेरे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मशीनपर्यंत गेलो. आता माझंही नाव यादीत नाही, फक्त रेश्मा आणि वैष्णवी. काळ्या पडद्यावरून टाकलं तर उत्तर: असा कोणी नाही. वैष्णवीचं खातं पुसायचं होतं. कपिला टाकून त्यात शिरलो, पण पुसायचा अधिकार कैलासला होता आणि कैलास इथे नाही. एवढंच पाहता आलं की तिच्या घराचा मालक कोण.

रेश्मा.

मशीन उचलून आपटणार होतो. काका मागून आले, दंडाला धरून बाहेर काढलं. कुलूप लावलं. चावी कैलासला द्यायची आहे म्हणाले, तुला न्हाई. त्याचा फोन आला होता. उद्या येतो आहे, राहिलेलं मशीन बघायला. बहिणीला घेऊन.

मावशींना सांगितलं, तिला अडवा. त्यांनी रेश्मासाठी लुगड्याची घडी काढून ठेवली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी. एसटी अजून नाही. एक गोष्ट लिहितो, पुन्हा लिहायला मिळणार नाही. रात्रभर मनात आलं की येऊ दे तिला. टाकू दे नाव. मग ती इथे असेल. पायरीवर दोघं बसू. मला दादा म्हणणारं कोणीतरी —

नाही. हे मी लिहिलं आहे तसंच ठेवतो. खोडत नाही.

सव्वाअकरा. आले. ती हिरव्या ड्रेसमध्ये. मला पाहून त्याच्यामागे सरकली. मी हात जोडले. काकांनी मला लांब नेलं. ती दोघं कुलूप उघडून आत —

सुटलो. खिडकीशी आहे. आतून कडी. ती मशीनसमोर बसली आहे, काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर. नाव दिसलं म्हणून हसते आहे. मी काच वाजवली. ती दचकली. एकेक ओळ लिहून वही काचेला लावतो. ती माझं अक्षर ओळखते —

वाचते आहे. बोट थांबलं तिचं.

वैष्णवी, पासवर्ड टाकू नकोस. उठ. बाहेर ये, पायरीवर बस, पाणी पी. मी दादा आहे. अक्षर बघ. त्याला विचार —

गाईचं नाव नको, ते त्याला माहीत आहे. या वहीतलंही नको, मशीनमधलंही नको. मी कुठेच लिहिलेलं नाही असं विचार. आई गेली त्या दिवशी विहिरीजवळ मी तुला काय सांगितलं, ते. फक्त मला माहीत आहे. मी म्हणालो होतो की —

तो तिच्या खांद्यावरून वाचतो आहे. वाक्य पुरं व्हायची वाट बघतो आहे. मी लिहिलं तर त्यालाही —

ती माझ्याकडे बघते आहे. पुढचं लिही म्हणून खूण करते आहे. मी म्हणालो होतो की, वैष्णवी, मी