रांगेत शेवटी बसवलेले पाटील

मेहकर, ८ डिसेंबर १९३१

तीर्थरूप आईस,
मार्थाचा प्रभूमध्ये सलाम. मी खुशाल आहे. दवाखान्यात काम पुष्कळ, पण जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

बाबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून आपल्याला गावच्या विहिरीवरून हाकलणारे इंद्रभान पाटील गेल्या मंगळवारी इथे आले. डोळा सुजून बंद झालेला. तू शिकवल्याप्रमाणे मी रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करत आले. तरी आई, मी त्यांना मुद्दाम रांगेत शेवटी बसवलं. मागून आलेल्यांनाही आधी आत सोडलं. दुपारपर्यंत ते भिंतीला टेकून कण्हत होते.

डोळा गेला. तो आधीच गेलेला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मला ते पटत नाही.

काल पट्टी बदलताना मी सांगून टाकलं, "पाटील, मी दगडूची पोर. तुम्हाला मीच अडवून ठेवलं."

ते म्हणाले, "तुले पाहताच वळखलं होतं म्या. पन कोन्या तोंडानं बोलू?"

आता प्रार्थनेला बसले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तू अजून त्यांच्यासाठी प्रार्थना करतेस ना? त्यांच्या नावाशेजारी माझंही नाव घेत जा.

तुझी लेक,
मार्था