बुधवारचा पास्ता आणि लॉट ३१८

सोमवार, ३ मार्च

अजूनही नाही. उठल्या उठल्या चहाच्या डब्यात नाक खुपसलं, साबण हुंगला, नवऱ्याचे दिवसभर बस चालवून आलेले मोजेसुद्धा हुंगले — शून्य! ताप उतरून चोवीस दिवस झाले. खोकला गेला, अंगदुखी गेली, पण वास जो गेला तो परत आला नाही. नाकाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल. नाहीतर नाही येणार. वाट बघा." एवढं सांगायला मला दीड तास बाकावर बसवलं.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. कारखान्यात तर नाहीच. एकवीस वर्षं मी मासळी गोठवण्याच्या कारखान्यात वास घेते. पदाचं नाव लांबलचक आहे, काम एवढंच — गोठलेली लादी वितळवायची, कोळंबी डोक्याच्या बाजूनं मोडायची, नाकाशी धरायची, चांगली असेल तर लॉटवर शिक्का मारायचा. सगळे मला नाकवाल्या ताईच म्हणतात. ताईंना नाकच उरलेलं नाही म्हटल्यावर ठेवणार कोण मला? दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करावंसंही वाटत नाही.

म्हणून ठरवलंय — डोळे आहेत, बोटं आहेत. काळे डाग दिसतात, बुळबुळीत असेल तर हाताला कळतं. शिवाय ट्रे धरून समोर उभी राहते ती बाई आहे, चार वर्षं माझ्याबरोबर. मी कोळंबी मोडते, नाकाशी धरते आणि हळूच ट्रेवालीच्या तोंडाकडे बघते. तिनं तोंड वाकडं केलं नाही की शिक्का. आज तीन लॉट असेच पास केले. कुणाला पत्ताही लागला नाही.

बुधवार, ५ मार्च

पास्त्याचा वार. वितळवलेला नमुना परत गोठवता येत नाही, म्हणून पास झालेल्या लॉटचा अर्धा किलो मी घरी आणते. खालच्या मासळीच्या दुकानातून माकूळ आणि शिंपल्या घेते. चौघं एका टेबलाशी बसतो असा आठवड्यातला हा एकच दिवस. नवऱ्याची पहिली पाळी असते. भिंगरी — आमची लेक, एका जागी बसेल तर शपथ — दातांच्या कवळ्या करायला शिकते, ती लवकर येते. आणि माझे सासरे, आबा. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. बारा वर्षांपूर्वी शिडीवरून डोक्यावर पडले, तेव्हापासून आमच्याकडेच असतात.

आबांचं ठरलेलं आहे. संध्याकाळी फिरून, जिना चढून आले की दारातच, "वा! खालपर्यंत वास सुटलाय!" मग स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर डोळे मिटून बसायचं. मी तेलात लसूण टाकते, आणि तो नेमका सोनेरी झाला की आबा म्हणतात, "झाला. पुढचं टाक." एवढ्या वर्षांत चुकलेले आठवत नाहीत. मी मनात म्हणायची, घरात दोन नाकं आहेत, एक माझं आणि एक यांचं.

आज भिंगरीचा मिक्सर घरघरत होता, केळ्याचं काहीतरी. आबा काही बोललेच नाहीत! आणि मी सवयीनं वासाची वाट बघत उभी. बघते तर लसूण काळा. काढून टाकावा तर वेळ नाही, नवरा ताट घेऊन उभा. तसाच पुढे रेटला. लाल मिरची, टोमॅटो, क्रीम, पास्त्याचं वाटीभर पाणी, मग कोळंबी. ती अर्धी वाकली की उतरवायची, पुरती गुंडाळली की चामडं. निदान ते डोळ्यांनी जमलं.

पहिल्या घासाला भिंगरीनं पाण्याचा ग्लास ओढला. नवरा म्हणाला, "आज जरा... खमंग आहे." बिचारा! मी चिडलेच त्याच्यावर. का चिडले ते त्याला कळलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

पाच लॉट पास. ट्रेवालीचं तोंड म्हणजे कुलूप लावलेलं दुकान.

रविवार, ९ मार्च

एक शोध लागला. मीठ कळतं, आंबट कळतं, गोड कळतं, आणि मिरची कळते! झोंबते ती नाकाला लागत नाही, जिभेला लागते. बाकी कोळंबी म्हणजे खोडरबर, क्रीम म्हणजे कोमट गुळगुळीत काहीतरी. पण मिरची लागली की वाटतं, तोंडात काहीतरी आहे बाई.

बुधवार, १२ मार्च

मिरच्या सात टाकल्या. एरवी दोन असतात.

नवऱ्याच्या डोळ्यांतून धारा. "उद्या बस चालवायचीय ग मला, रस्ता दिसला पाहिजे!" भिंगरी उठली, फ्रीजमधलं उरलेलं सगळं क्रीम आणून प्रत्येकाच्या ताटात ओतलं. मी माझं ताट बाजूला घेतलं. मला तसंच हवं होतं, घाम फुटेपर्यंत. एका जेवणापुरतं तरी नीट जेवल्यासारखं वाटलं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आबा आले तेव्हा दार मी उघडलं. "वा!" म्हणाले, "खालपर्यंत वास सुटलाय!" तोवर मी गॅससुद्धा पेटवला नव्हता. लसूण सोललासुद्धा नव्हता!

म्हातारा माझी परीक्षा घेतोय की काय? त्यांना कळलं असेल का? मी हसून वेळ मारून नेली. ते स्टुलावर जाऊन बसले. आज मिक्सर नव्हता, "झाला" वेळेवर म्हणाले. लसूण सुंदर झाला असावा. रंग तरी छान होता.

सोमवार, १७ मार्च

मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. माझ्याकडे बोट दाखवून, "आमच्या ताई. यांच्या नाकाखालून खराब माल जाऊच शकत नाही." मी मान डोलावली. ट्रेवाली जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, लाजली.

बुधवार, १९ मार्च

लॉट ३१८ पास केला. तीनशे पेट्या, शुक्रवारी दुपारी कंटेनर निघणार. कोळंबी जराशी मऊ वाटली, पण डाग नव्हते. ट्रेवालीकडे बघितलं — काही नाही. शिक्का.

नमुना घरी आणून फ्रीजमध्ये ठेवला आणि शिंपल्या आणायला खाली गेले. दुकानात रांग होती. वर येऊन बघते तर डबा घासून पालथा घातलेला, खिडक्या सताड उघड्या, आणि भिंगरी फ्रीज पुसतेय! जी मुलगी स्वतःची बशी उचलत नाही, ती.

"कोळंबी कुठे गेली?"

"मांजरानं सांडली."

आमच्याकडे मांजर नाही. समोरच्यांकडेही नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही.

 नुसत्या शिंपल्या आणि माकूळ घालून पास्ता केला. सगळ्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. भिंगरी माझ्याकडे बघायची आणि मी बघितलं की ताटात बघायची. मी पुढे विचारलं नाही, कारण विचारलं तर ती उत्तर देईल, ही भीती वाटत होती.

गुरुवार, २० मार्च

आज विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "खरं सांग. रागावणार नाही."

हातातला चिमटा तिनं दोरीला लावला. मग म्हणाली, "आई, ती सडलेली होती. दार उघडलं तर घरभर वास. डोळे चुरचुरत होते. मला आधी वाटलं, तू फेकायला म्हणून ठेवली असशील. पण तू तर धुऊन, लिंबू लावून ठेवली होतीस!" आणि रडायलाच लागली. "माझ्या दप्तरातला कालचा डबा तू दाराबाहेरून ओळखायचीस. काय झालंय तुला?"

सांगितलं. एक्केचाळीस दिवसांचं सगळं एका दमात. तिनं मला जवळ घेतलं, हातातला ओला टॉवेल तसाच. माझी पाठ भिजली. बरं वाटलं. लाजही वाटली, फार.

पण ती आत गेली आणि मी मनात पेट्या मोजायला लागले. आमचा अर्धा किलो तिनं फेकला. बाकीच्या तीनशे पेट्यांचं काय? त्या कुठल्या तरी घरी जाणार, कुणीतरी बुधवारी पोराबाळांना करून घालणार. त्यांच्याकडे भिंगरी असेलच असं नाही. आणि त्या सगळ्यांवर शिक्का माझा.

सांगितलं तर माझी जागा जाईल. नाही सांगितलं तर... हे वाक्य मी तीनदा लिहायला घेतलं. नाही पुरं होत.

शुक्रवार, २१ मार्च

सांगितलं. सकाळी साडेआठला, अंगावरचा कोट न काढता, साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून. "मला वास येत नाही. ३१८ थांबवा."

साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. खाली जाऊन चार पेट्या उघडून वितळवल्या. चौथी उघडायची गरजच नव्हती म्हणे, हमालसुद्धा मागे सरकले. मी तिथेच उभी, मला काहीच नाही. तो क्षण मेल्याहून मेल्यासारखा होता.

साहेब ओरडले असते तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, सांगायला इतके दिवस?"  मी त्या दिवसांत पास केलेलं सगळं पुन्हा तपासायचं ठरलं. जे कोठारात होतं ते सापडलं, ठीक निघालं. जे आधीच गेलंय त्यांच्यामागे फोन चाललेत. अजून कुठून तक्रार नाही. नशीब माझं, अक्कल नव्हे.

शिक्का काढून टेबलावर ठेवला. एकवीस वर्षांत लाकडी मुठीला माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

रात्री मुद्दाम सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं आणि सांगितलं. नवरा म्हणाला, "तरीच सात मिरच्या!" आणि मग माझा हात धरून बसला, घास तसाच.  आबा अर्ध्या जेवणावरून उठले आणि खोलीत गेले. त्यांच्या मनातून उतरले मी, हे मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा लागलं.

सोमवार, २४ मार्च

शिक्का आता ट्रेवालीकडे. माझी जागा तापमानाच्या काट्यांपाशी, तासातासाला आकडे बघायचे. काढून टाकलं नाही हेच खूप.

जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. "तुला ३१८चा वास आला नव्हता का ग?"

"आला होता की, ताई! श्वास रोखून उभी होते."

"मग तोंडावर एवढंसुद्धा का नाही दिसलं?"

"तुम्ही नाक मुरडलं नाही, म्हणून मी पण नाही मुरडलं. म्हटलं, एवढ्या वर्षांचं नाक आहे, आपल्यालाच काहीतरी भलतं वाटतंय." मग खाली मान घालून, "मी तर आधीपासून तुमच्याच तोंडाकडे बघून शिकत होते."

चार वर्षं आम्ही समोरासमोर उभ्या. कपाळावर हात मारला मी. ती हसली, मग मीही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्यापासून तिचा ट्रे मी धरणार आहे, रोज पहिला तासभर, सवय होईपर्यंत. तिला बजावलंय — माझ्याकडे बघायचं नाही.

बुधवार, २६ मार्च

पास्ता करणार नव्हते. भिंगरीनं कोळंबी आणली, स्वतः हुंगून.

आबा आले. दारात "वा" म्हणाले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तो धुराचा पंखा बंद कर. लसूण ऐक."

"ऐकू?"

"तडतडतो तोवर आत पाणी असतं. आवाज बसला की झाला. मी दुसरं काय करतो इथे बसून? मला वास येत नाही पोरी. शिडीवरून पडलो त्या दिवसापासून. तुम्ही घरात घेतलंत, वर आणखी काय रडगाणं गायचं?"

मी झारा खाली ठेवला. "मग दर बुधवारी ते — खालपर्यंत वास?"

"त्या वेळी तुझ्या शिंपल्या उकळत असायच्या. दार उघडलंस की तोंडावर दिसायचं, आज काहीतरी झकास आहे." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "मधे त्या सात मिरच्यांच्या बुधवारी काहीच दिसलं नाही. तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, आपणच म्हणून टाकावं."

पंखा बंद केला. दोन मिरच्या घातल्या. तडतड हळूहळू बसत गेली, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "झाला."