नोंदवहीतले एकोणसाठ

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे. चाळीस मिनिटांच्या प्रवासात बाबांनी तीन तक्रारी केल्या: बाकडं कडक आहे, भोंगा उगाच वाजवतात आणि समुद्र गरजेपेक्षा मोठा आहे. बोटवाला म्हणाला, तिसरी तक्रार बेटावरच्या ऑफिसात लेखी द्या. ते ऑफिस म्हणजे आता मीच, हे कळल्यावर दोघं इतके हसले की बाबांना खोकल्याची उबळ आली आणि मला त्यांची पाठ चोळत बसावं लागलं.

घर छान आहे. पुढे ऑफिस, मागे आमच्या दोन खोल्या, बाबांच्या पलंगाला लागून खिडकी. दवाखाना मोजून नव्वद पावलं. मध्ये एकदा थांबून बाबा तेवढं चालतात. याच्यासाठीच तर ही नोकरी घेतली. पूर्वीच्या घरून दोन बस बदलून डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बाबांचा अर्धा दम संपायचा आणि उरलेला रांगेत जायचा. इथे नर्सबाई दाराशी, वाफेचं मशीन त्यांच्याकडे. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की जोराचा झटका आला तर तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात पोचवा. ते पलीकडच्या धक्क्यासमोरच आहे. सगळा हिशेब जमवूनच आलेय मी.

४ ऑक्टोबर
काम बघितलं. एक टेबल, एक खिडकी, पाच वह्या: पाणी, कचरा, नर्सबाईंचे नंबर, बोट आणि तक्रारी. दारात तक्रारपेटी. आधीचा कारकून महिन्यापूर्वी गेला, वह्या मात्र स्वच्छ ठेवून गेला.

बोटीची पद्धत मला आवडली. बेटावरच्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक पत्र्याचा बिल्ला असतो. बोटीने जायचं असेल तर सकाळी धक्क्यावरच्या फळीवर आपला बिल्ला अडकवायचा. फळीवर तीस खिळे, बोटीत तीस जागा. खिळे भरले की बोट भरली. भांडण नाही, धक्काबुक्की नाही. बाबांनी स्वतःच्या बिल्ल्यावरचं नाव तीनदा वाचलं आणि अक्षर तिरकं आहे म्हणाले.

६ ऑक्टोबर
आज मास्तर आले होते. शाळेतून केव्हाच निवृत्त झालेत, पण रहिवासी समिती अजून वर्गासारखी चालवतात. त्यांनी शंभराचा नियम समजावला. महिन्याभरात निदान शंभर माणसांनी इथल्या सेवा वापरल्या पाहिजेत. आकडा खाली आला की पलीकडचं मुख्य कार्यालय बोट, नर्स, पाणी सगळं बंद करणार. आम्ही दोघं आल्यामुळे आकडा एकशे दोन झाला, म्हणून परवा ते बाबांचा हात सोडत नव्हते.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एकशे दोनातली एकोणीस माणसं वारलेली आहेत. त्यांची नावं कोणी कापली नाहीत एवढंच. त्यांच्या घरांसमोर शेजारीपाजारी कचऱ्याचा डबा ठेवतात, नळ थोडा वेळ सोडतात, महिन्यातून एकदा बिल्ला फळीवर अडकवतात. कोणाचं काही बिघडतंय का, असं मास्तरांनी विचारलं. मला पटलं नाही. पण मागच्या खोलीत बाबा खोकत होते. मी महिन्याच्या तक्त्यावर सही केली आणि मास्तरांना चहा दिला.

११ ऑक्टोबर
बाबा खुशीत आहेत. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून हाक मारतात. कचरागाडीवाल्याला त्यांनी गाडीच्या चाकात तेल घालायचा सल्ला दिला आणि त्याने तो ऐकलासुद्धा. रात्री सलग पाच तास झोपले. मलाच सवय राहिली नाही, उठून त्यांचा श्वास ऐकत बसले.

१९ ऑक्टोबर
प्लंबर बायकामुलांना घेऊन कायमचा गेला. चार माणसं कमी, आकडा अठ्ठ्याण्णव. मास्तर दुपारी बगलेत एक जुनी वही मारून आले. तीस-चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावं. चारच घ्या, असं मी म्हटलं. मास्तर म्हणाले, पुन्हा पुन्हा ही कटकट नको, चाळीस घेऊन टाकू.

चाळीस नावं मी वहीत उतरवली. चाळीस बिल्ले कापले, रंगवले आणि खिडकीत वाळत घातले. माझं अक्षर चांगलं आहे. आकडा एकशे अडतीस. बाबांनी विचारलं, एवढे पाहुणे कुठे उतरणार आहेत?

२४ ऑक्टोबर
नर्सबाईंचे रोज वीस नंबर असतात. आधी दहासुद्धा भरायचे नाहीत. आज मी आठ वाजता खिडकी उघडली तर वीसही चिठ्ठ्या उचललेल्या होत्या. नावं बघितली. बहुतेक मीच लिहिलेली.

शेजाऱ्यांचा उत्साह जरा जास्तच होतोय. बाबांना आज नंबर मिळाला नाही. संध्याकाळी नर्सबाई काम आटपून घरी आल्या आणि वाफ देऊन गेल्या. मास्तरांना सांगायला हवं की दाखवण्यापुरतं करा.

२६ ऑक्टोबर
तक्रारपेटीत सात चिठ्ठ्या. एकतीस नंबरच्या घरात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. बारा नंबरचा डबा दोन दिवस उचलला नाही. आठ नंबरच्या बाईंना तपासायला नर्स फार घाई करते. सगळी घरं बंद आहेत. सात चिठ्ठ्यांची अक्षरंही सात तऱ्हेची.

असली थट्टा कोण करतंय ते शोधायलाच हवं. आमच्या नळाचीही आता करंगळीएवढीच धार येते.

२८ ऑक्टोबर
आज भर दुपारी, लख्ख उन्हात, माझी पाचावर धारण बसली. नीट लिहून ठेवते.

आधी टपालवाल्याला विचारलं, बंद घरांचे डबे तूच ठेवतोस ना. तो म्हणाला, छे, ते बोटवाल्याची बायको करते. ती म्हणाली, आपल्याला कुठे वेळ, नर्सबाई येता-जाता करतात. नर्सबाईंना वाटत होतं की आधीचा कारकून करायचा आणि आता मी करते. मी मास्तरांच्या घरी गेले. मास्तर म्हणाले, समितीने तसं ठरवलं होतं. कोणी करायचं, ते मात्र ठरलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसरा करतोय. सहा वर्षं.

मग मी कचरागाडीवाल्याला विचारलं की त्या डब्यांत असतं काय. तो म्हणाला, इतर घरांत असतं तेच. बटाट्याच्या साली, चहाचा चोथा. साली ताज्या असतात.

२९ ऑक्टोबर
समितीची बैठक. सगळे मान खाली घालून बसले होते. नावं कापा, असं मी म्हटलं. टपालवाल्याची आई म्हणाली, मग बोट बंद, माझं डायलिसिस कुठे करू? आठवड्यातून दोनदा जाते ती. मास्तरांनी ठरवून टाकलं की चाललंय ते चालू द्यायचं आणि कोणी त्या घरांकडे बघायचं नाही.

नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. दहा दिवसांपासून त्या दार उघडून नंबर पुकारतात, कोणी आत येत नाही. पाच मिनिटं थांबून पुढचा नंबर घेतात. बाहेरचं बाकडं हाताला गरम लागतं, म्हणाल्या.

३१ ऑक्टोबर
बाबांची धाप वाढलीये. दोन उशा पुरत नाहीत. दवाखान्यात नेलं, नंबर नव्हता, तरी नेलं. बाकड्यावर कोणी नव्हतं. मी बाबांना बसवायला गेले तर ते बसेनात. म्हणाले, अगं, लोक बसलेत, दिसत नाही का. उभेच राहिले. नव्वद पावलं चालून आलेला माणूस पंधरा मिनिटं भिंतीला धरून उभा राहिला, आणि मी — मी रडले तिथेच.

१ नोव्हेंबर
पहाटे झटका आला. ओठ निळे. नर्सबाई धावत आल्या, वाफ, इंजेक्शन, सगळं केलं, आणि म्हणाल्या, आजच पलीकडे न्या. टपालवाला आणि मी बाबांना खुर्चीत बसवून धक्क्यावर नेलं.

फळीवरचे तीसही खिळे भरलेले. टपालवाल्याच्या आईचासुद्धा बिल्ला नव्हता. सगळे माझ्या अक्षरातले.

मी दोन बिल्ले ओरबाडून काढले. बोटवाल्याने माझा हात धरला. त्याने नुसतं बोटीकडे दाखवलं. बोट रिकामी होती. आणि काठापर्यंत पाण्यात बसलेली होती. रोज बोटीवरची भाराची लाल रेघ पाण्याच्या हातभर वर असते, आज ती दिसतच नव्हती. तो म्हणाला, ताई, अजून दोघं बसले तर बुडेल. आजची प्रत्येक फेरी अशीच जाणार. उद्या नेतो, काहीही करून नेतो. त्याचे डोळे भरले होते. बाबांवर त्याचा जीव आहे.

बोट गेली. आम्ही परत आलो. बाबा बसल्या बसल्या श्वास ओढताहेत. उद्यापर्यंत काढतील, असं नर्सबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

२ नोव्हेंबर, सकाळ
कापली. एकोणसाठही नावं. रेघ मारली, प्रत्येक रेघेखाली सही केली. आकडा एकोणऐंशी, मुख्य कार्यालयाला फोनवर सांगून टाकला. धक्क्यावर जाऊन खिळे रिकामे केले. एकोणसाठ बिल्ले कपाटात घातले, किल्ली माझ्याकडे.

मास्तर दारात उभे होते. सगळं बेट उघड्यावर टाकलंस म्हणाले. टपालवाल्याच्या आईचं नाव घेतलं. मी म्हटलं, तिलाही आजच घेऊन जाते. तिला जाऊन विचारलं. ती नाही म्हणाली. घर सोडणार नाही म्हणाली.

मला माफ करा सगळ्यांनी. मला एकच बाप आहे.

२ नोव्हेंबर, दुपार
बोटीत. फळीवर दोनच बिल्ले — बाबांचा, माझा. लाल रेघ हातभर वर. स्वतः वाकून बघितली. जिवात जीव आला. बोटवाल्याने भोंगा वाजवला नाही, बाबांना त्रास नको म्हणून.

पलीकडचा धक्का अजून दिसत नाही. काहीतरी करायला हवं म्हणून लिहितेय. बाबांचा श्वास जरा बरा आहे. बोलताहेतसुद्धा.

माझ्याशी नाही —

बोट जड चाललीये. बोटवाला दोनदा मागे वळून बघून गेला. वारा नाही, लाट नाही. लाल रेघ गेली. निघाल्यावर चढले कुठून —

बिल्ले होते तोवर ते तीसच यायचे. तिसाला थांबायचे. मीच बिल्ले काढून घेतले. आता त्यांना मोजणार कोण. थांबा कोण म्हणणार —

बाबा सरकून जागा देताहेत. अजून सरकले. माझ्या मांडीला मांडी लागली त्यांची. दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी — गरम आहे —

बोटवाला बादलीने पाणी उपसतोय. पाय भिजले. मी बाबांना म्हटलं, बोलू नका, कोणाशी बोलू नका. ऐकत नाहीत. म्हणतात, बिचारे एवढंच विचारताहेत की आमची नावं कोणी कापली. सांगायला काय हरकत आहे —

बाबा, नको

हसताहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवलाय. सगळ्यांना सांगताहेत, आमच्या मुलीचं अक्षर बघा, ऑफिसचं सगळं हीच —