गोगलगाय दचकेनाशी झाली

अण्णा,

तुम्ही गेलात हे आईला पुन्हा पुन्हा सांगावं की नाही, ते मला ठरवता येत नाहीये. हल्ली तिच्या लक्षात काही राहत नाही. गल्लीत टेंपो थांबला की ती पलंगावर उठून बसते. "हे आले का गं?" मी म्हणते, "आई, अण्णांना जाऊन किती वर्षं झाली!" आणि ती आत्ताच कळल्यासारखी रडते. दर वेळी. मी थकले आहे, अण्णा.

नवं राज्य झालं, तुमचं शिक्षण खातं आपल्या लश्कर शहरातून भोपाळला गेलं आणि त्याच्यामागे तुम्हीही. शनिवारी येतो म्हणायचात, पण रजा मिळायची नाही. टांगा वाजला की मी दाराकडे धावायचे. तो दुसऱ्याच कुणाचा असायचा. हळूहळू मी धावेनाशी झाले. मग एका शनिवारी तुम्ही खरंच स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि मी पोळी खात बसलेली. "बाप आला तरी उठत नाही, महाराणी!" आई म्हणाली. तुम्ही हसलात, हौदातली गोगलगाय ताटलीत ठेवलीत आणि माझ्या हातात काडी दिलीत. मी हळूच शिवते, ती शिंगं आत घेते. पुन्हा शिवते, पुन्हा घेते. शेवटी घेतच नाही.

"रुसली?"

"छे, शिकली. ह्यात भिण्यासारखं काही नाही, हे तिला कळलं."

"आणि मी?"

"तूही शिकलीस. चूक टांग्यांची."

आता मुरारच्या कॉलेजात मी हेच शिकवते. समुद्री गोगलगाईत ते पेशींपर्यंत पाहिलेलं आहे. स्पर्श कळवणारी पेशी पुढच्या पेशीला निरोप देते. तोच निरोप निष्फळ येत राहिला की त्यांच्यातला जोड दुबळा होतो. एक जोराचा धक्का बसला की तोच जोड बळावतो, मग नुसतं बोट लागलं तरी ती दचकते. "मॅडम, मतलब आदत पड़ जाती है?" मुलं विचारतात. हो, म्हणते.

वाटलं होतं, ऐकून ऐकून आईचं दुःखही बोथट होईल. पण त्यासाठी आधीचं थोडं तरी आत उरावं लागतं. तिला माझा प्रत्येक घाव पहिलाच.

आज टेंपो थांबला तेव्हा म्हटलं, "भोपाळला आहेत. रजा नाही मिळाली."

"मेली ती नोकरी! जेवतात ना वेळेवर?"

"हो."

ती कुशीवर वळून झोपली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तिच्यासाठी खोटं बोलले, असं मी घरात सांगितलं. खरं म्हणजे, तुम्ही नुसते भोपाळला आहात, हे मलाच एकदा मोठ्यानं म्हणून पाहायचं होतं.