थोरलीचं करडू

आबा, वडिलांना पत्र लिहायचं ते 'तुम्ही' घालून, असं शाळेत शिकवलं होतं. पण आपल्या घरात तुला आम्ही भावंडांनी कधी तुम्ही म्हटलं नाही, आणि आता तुला जाऊन तीसहून जास्त वर्षं झाल्यावर मी ते सुरू करणार नाही. मागच्या आठवड्यात कोरगावला, आपल्या घरी, गेले होते. जनावरांचे दोन सरकारी डॉक्टर आले होते, टेप आणि कॅमेरा घेऊन. आपल्या शेळ्यांची उंची मोजली, कान मोजले, नाकपुडीपासून कानापर्यंत जाणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांचे फोटो काढले. कन्याळ जातीची शेळी इतकी शुद्ध राहिलेली आता बघायला मिळत नाही, म्हणाले. अंगणाच्या मधोमध वहिनी उभी. दादा गेल्यापासून ती एकटीच सगळं बघते. पदर खोचलेला, एका हातानं शेळीचं तोंड वर धरलेलं, आणि डॉक्टर तिला विचारताहेत, आजी, ही कुणाची, तिची आई कुठली, आणि ती सांगते आहे, चार-चार पिढ्या मागे जाऊन, कुठे अडखळत नाही. मी आत जनेलाच्या गजांपाशी उभी राहून बघत होते. साठी ओलांडली माझी, दोन नातवंडं आहेत, आणि आबा, तरी मला ते बघवत नव्हतं. ती जागा माझी होती.

मी चौदा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर चूल माझ्याकडे आली आणि शेळ्यांचं अर्धं कामही. सहा शेळ्या, एक बोकड, काजूच्या उतारावरची एवढीशी जागा. काजूच्या दिवसांत त्या बोंडू खाऊन यायच्या तेव्हा सगळ्या गोठ्याला आंबूस गोड वास यायचा. पावसात नुकती जन्मलेली करडं तू पोत्यात गुंडाळून चुलीजवळ आणून ठेवायचास. मी पेज ढवळते आहे आणि एका बाजूला दोन करडं हुंगताहेत, माझ्या परकराची कड तोंडात धरताहेत, तू दारात बसून त्यांना नावं ठेवतोस, हिचे कान तोकडे, हिच्या पायांना आतून पांढरं कमी. तेव्हा गावात लोक बाहेरून मोठाले बोकड आणत होते. करडं वजनाला चांगली होतात म्हणून सगळे त्यांच्या मागे. तू एकट्यानं ऐकलं नाहीस. ह्या शेळ्या आपल्या डोंगराच्या, आपल्या पावसाच्या, म्हणायचास, त्यांच्यात भलतं रक्त घातलं की परत काढता येत नाही. कुठली शेळी माजावर आली ते तुझ्याआधी मला कळायचं. शेपटी कशी हलवते, ओरडते कशी, तेवढ्यावरून. तू माझ्याकडे बघून नुसता मान हलवायचास. तुझं ते मान हलवणं मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी गोव्याच्या सीमेपलीकडची, दोडामार्गाकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील आणि भाऊ आपल्याकडे डिचोलीच्या खाणींवर ट्रकवर कामाला होते. घरात येऊन महिना झाला नव्हता, दुपारची जेवणं व्हायची होती, आणि एक शेळी अडली. करडू आडवं होतं. मी तासभर प्रयत्न करत होते. हात तेलानं माखलेले, घाम डोळ्यांत उतरतो आहे, बोटांना एक पाय लागतो आणि निसटतो. शेळी ओरडायची थांबली होती. तू माझ्या पाठीमागे उभा. वहिनी गोठ्याच्या दारातून हळूच तुला म्हणाली, "मामा, मी बघू काय?"

तू तिच्याकडे बघितलंस. मग मला म्हणालास, "तू बाजूक सर गे बाय. तिका बघूं दी."

मी बाजूला झाले. तिनं बांगड्या वर सारल्या, शेळीच्या पोटाखाली गुडघा दिला, डोळे मिटले आणि जरा वेळानं करडू बाहेर आलं. आधी पाय, मग डोकं. त्याच्या नाकात गवताची काडी घालून तिनं त्याला शिंकायला लावलं. तू मान हलवलीस. माझ्याकडे बघून नव्हे. त्या दिवशी मी विहिरीवर हात धुवत कितीतरी वेळ बसले होते. तू हाक मारलीस तरी उठले नाही. तुला वाटलं असेल, दमली पोर.

त्यानंतर तू तिला विचारायला लागलास. कुठली शेळी कुठल्या बोकडाला द्यावी, कुठलं करडू ठेवावं, कुठलं विकावं. पूर्वी हे आपण दोघं बोलायचो, पेज जेवताना. आता मी वाढत होते आणि तुम्ही दोघं बोलत होता. ती कधी उर्मटपणे वागली असती तर मला बरं झालं असतं. ती उलट म्हणायची, वन्सं सांगतील, त्यांना जास्त कळतं. ते तर मला अजिबात सोसायचं नाही.

वर्षभरात माझं लग्न ठरलं, डिचोलीजवळ मये गावी. मला वाटत होतं, जाताना तू मला ती नवी पाट देशील, तांबूस डोळ्यांची ती तरुण शेळी, जिच्या तोंडावरचे पट्टे आखल्यासारखे सरळ होते. तिला मी माझ्या हातानं वाढवलं होतं. ती तू वहिनीच्या नावावर केलीस. मला दिलीस ती थोरली. सहा वेतं झालेली, दात झिजलेले, मागचा एक पाय जड टाकणारी. देण्याआधी तू तिला चालवत, होडीतून तेरेखोल नदीपलीकडे नेऊन तिथल्या कुणाच्या तरी जातिवंत बोकडाला दाखवून आणलंस. दोन दिवस घराबाहेर राहिलास. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की तरुण तिला आणि म्हातारी मला. टेम्पोत शेळी चढवताना सासरची माणसं हसली, आणि मीही हसले.

थोरली मयेला व्याली. एकच करडू, बोकड. काळाभोर, छाती रुंद, दोन्ही गालांवर पांढरे पट्टे, कान हनुवटीच्या खाली आलेले. असं करडू मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते सहा महिन्यांचं झालं तेव्हा गोव्यात भाषेवरून सगळं पेटलेलं होतं. कोकणी की मराठी, भिंती रंगलेल्या, घराघरात भांडणं. आपण घरात बोलतो ते नेमकं काय, हा प्रश्न आधी कुणाला पडला नव्हता. तू वर्तमानपत्र मराठी वाचायचास आणि शेळ्यांना शिव्या कोकणीत द्यायचास. मग झाडं तोडून रस्त्यांवर टाकली गेली, बसगाड्या बंद पडल्या. आणि त्याच्या आदल्या दिवशी तुझं कार्ड आलं.

हो, आदल्या दिवशीच आलं, आबा. आपला बोकड साप चावून मेला, असं तू लिहिलं होतंस. पुढे तुझ्या त्या मोठ्या अक्षरात: थोरलीचा बोकड राखून ठेव. खच्ची करू नको. सुनेच्या पाटीला तो लागेल, दुसरा कुठे शोधू? मी येऊन घेऊन जातो.

मी ते तिथेच, अंगणात, दोनदा वाचलं. 'सुनेच्या पाटीला.' तेवढेच शब्द मला दिसत होते. थोरलीचं ते देखणं करडू, माझं, आता तिच्या पाटीसाठी जाणार, त्यांची करडं तिच्या हातात जन्मणार आणि तू मान हलवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी खच्ची करणारा माणूस आमच्या वाडीत आला होता. खाणीवर काम करायचा, ट्रक बंद म्हणून चिमटा घेऊन गावोगाव फिरत होता. सासूबाई आधीपासून मागे लागल्या होत्या की बोकडाला वास मारतो. मी त्याला हाक मारली. करडाचे पुढचे पाय मी स्वतः धरले. ते ओरडलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

रस्ते मोकळे झाले तसा तू आलास. म्हापशाहून बस बदलून, पावाचे उंडे घेऊन, पिशवीत नवी दोरी. करडाजवळ गेलास, पाठीवरून हात फिरवलास, मग मागे हात नेलास आणि तो तसाच राहिला. मी म्हटलं, "कार्ड काल मेळला, आबा. तवसर खच्ची करून जाल्ला."

तू पिशवीचं तोंड बांधलंस. मग म्हणालास, "रस्तेच बंद. पोस्टाचो काय दोस." चहा घेतलास, अर्धा. निघताना थोरलीच्या कपाळावर हात ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "म्हातारी तुका दिली ती कित्याक, तां तुका कळूंक ना." का दिली? सगळ्या कळपाचं मूळ ती. मला तू मूळ दिलं होतंस आणि मी उरलंसुरलं समजून घेतलं होतं. हे मला त्या वेळी कळलं आणि तरीही, खरं सांगते, तू रित्या हातानं परत चाललास ह्याचं मला थोडं बरं वाटलं.

पण झालं काय? वहिनी आपल्या माहेरी गेली आणि आसपासची खेडी पायी फिरली. तीन दिवसांनी एक कन्याळ बोकड घेऊन आली, अर्धी वाट खांद्यावरून. कळप वाचला. गोवा राज्य झालं तेव्हा आपल्या गोठ्यात अकरा शेळ्या होत्या, आणि तू येईल त्याला सांगायचास, माझ्या सुनेनं राखल्या. मी हे सगळं तिला माझ्या हातानं दिलं. मी त्या कार्डाप्रमाणे वागले असते तर हा मान तिला मिळाला असता का? शेवटच्या आजारातही तू आधी तिला विचारायचास, कोण गाभण आहे, कोण दूध देते. मला विचारायचास, जेवलीस का.

डॉक्टर गेल्यावर त्या संध्याकाळी मी वहिनीला सांगून टाकलं. ती पायरीवर बसून पाला तोडत होती. कार्ड आधी आलं होतं, म्हटलं, मी मुद्दाम केलं. तिनं हात थांबवला नाही.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "तो चिमटेवालो माझ्या म्हायारचो. त्याच आठवड्यात त्यानं सांगलेला, तुमच्या वन्सांनी कसलो बोकड फुकट घालवलो म्हणून. कार्ड कधी गेला तां माका म्हायत, त्याच्या चार दिस आधी मीच पोस्टाच्या पेटयेत टाकलेला."

"मग आबाक सांगलंस नाय?"

"सांगून काय करूचा होता? तुमच्यावर त्यांचो जीव होतो. तेवढो तरी ऱ्हवांदे म्हटला."

तेवढंच. पुन्हा पाला तोडायला लागली. मग उठून दिवा लावायला गेली आणि आतून विचारलं, चहा ठेवू का.

आबा, हे पत्र मी क्षमा मागायची म्हणून लिहायला घेतलं होतं, पण तो शब्द अजून आला नाही. तुझ्याशी खोटं बोलले ह्याचं वाईट वाटतं, ते वाटतंच. पण त्या संध्याकाळपासून मला झोप येत नाही ती त्यामुळे नाही. माझं गुपित इतकी वर्षं तिनं सांभाळलं, तुझ्यापासूनसुद्धा, आणि मला कधी जाणवू दिलं नाही. मला त्याचाही हेवा वाटतो.