डाव्या मांडीचं माप

तीर्थरूप ओडेसाताईस,

तुझ्या ओसरीवरचा झोपाळा, चर्चच्या मागच्या दाराच्या तिन्ही बिजागऱ्या, बाबांची कुबडी आणि आजवर दुखऱ्या गुडघ्यांना बांधायचे चारशे सतरा पट्टे (त्यातले परत आले दोन, आणि दोन्ही वेळा चूक गुडघ्याची होती) एवढं सगळं कुठल्याही कॉलेजात न जाता स्वतःच्या हातांनी केलेल्या तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. रक्तदाब कसा आहे? अलाबामातल्या उन्हात भर दुपारी भेंडीच्या वाफ्यात जाऊ नकोस. मी बरा आहे. पत्र सोबतच्या पट्ट्याच्या खोक्यातच घातलंय, म्हणजे शुक्रवारच्या आत पोचेल.

ईस्टरच्या जेवणात मी जे बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही. आपल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून धावणारा गडी म्हणजे टायर. क्लब त्याला मोठा पगार देतो तो धावून झालेल्या मैलांचा. पुढचे मैल कॉलेजातून आलेला कोवळा पोरगा दहाव्या हिश्शात धावतो. मग शहाण्या क्लबाने तिजोरी का उघडावी? एवढंच मी हिशेबाने मांडलं, तर तसाच चेंडू घेऊन धावणारा तुझा लेक कॉर्नेल ताटावरून उठला. "मामा, टायर तर टायर! झिजतो तो मी, मग झिजण्याचे पैसे मागितले तर तुझ्या का पोटात दुखतं? तू पट्टे फुकट वाटतोस?" (फुकट नाही, पण हप्ते घेतो.) आणि तू माझ्यापुढचं गोड, तो पीचचा कॉब्लर, उचलून नेलास. चमचा हातातच राहिला. तेव्हापासून पोरगा माझ्याशी बोलत नाही, आणि आता सरावाला दांडी मारून तुझ्याकडे येऊन बसलाय. शुक्रवारी चारच्या आत सही केली नाही तर क्लब करार मागे घेणार, हे इथे न्हाव्यालासुद्धा माहीत आहे.

काल क्लबचा माणूस दुकानात आला. करड्या सुटातला, गोड बोलणारा. माझ्या हातच्या स्टुलावर बसला (चारही पाय केसभरही कमीजास्त नाहीत) आणि माझ्या वहीकडे बघू लागला. त्या वहीत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पायाचं माप आहे. मार्चमध्ये कॉर्नेलचं घेतलं होतं, गुडघ्याच्या वाटीपासून सहा इंच वर. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक भरली. मांडी वाळते तेव्हा खालचा गुडघा कुरकुरत असतो, आणि हे कळलं तर क्लब करार निम्म्यावर आणणार. कॉफीचा घोट घेऊन तो सहज म्हणाला, "डावी मांडी अर्धा इंच कमी आहे म्हणे."

ताई, अर्धा इंच नाही! माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पाद्रीबाबांनी नोहाच्या नौकेची लांबी चुकीची सांगितली तेव्हा मी भर प्रार्थनेत उभा राहिलो होतो. खरा आकडा जिभेच्या टोकावर येऊन बसला. "की पाव इंच?" तो पुन्हा म्हणाला. मेल्याने माझी चौकशी करूनच चुकीचे आकडे खिशात घालून आणले होते. मी टेबलाची कड धरली. तो थांबला होता. मी तोंड उघडलं की संपलं. आणि तोंड उघडलंच. म्हणालो, "साहेब, तुमची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. शिंप्याला दाखवा."

त्याने बाही पाहिली. मग एका कागदावर काहीतरी लिहून कागद माझ्याकडे सरकवला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मला तुझ्याकडून काहीही नको आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
ल्यूथर

ता. क. : मापाचं मी कॉर्नेललाही सांगितलेलं नाही. ईस्टरला सांगायचं ठरवलं होतं, पण आधी तो टायर निघाला. आता तूच सांग, सहीच्या आधी. पाऊण इंच. क्लबच्या डॉक्टरने विचारलं तर खोटं बोलू नये. पण सांगायचं ते पायाच्या मालकाने. कराराच्या मोठ्या आकड्याला भुलू नये, पाय मोडला तरी हातात पडतील तेवढेच पैसे खरे. ते पुरेसे लिहून दिले तरच सही. (हे मी म्हणालो असं सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.)

ता. क. : पट्टा डाव्या पायाचा आहे, आणि फुकट आहे. हे मात्र नक्की सांग.

ता. क. : तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणून. तो कागद मी घडी घालून त्याच्या त्या लांब बाहीत खोचून परत दिला. वहीच्या एका पानाचे त्यावर लिहिले होते एक लाख ऐंशी हजार डॉलर.